घड्याळाच्या पट्ट्याखाली मात्र काहीच नव्हतं

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी मला जी खाज सुटली होती तिच्याबद्दल लिहायचं लिहायचं म्हणता वर्ष गेलं. परवा एका मित्राच्या हाताला तसंच उठलेलं बघितलं, त्यावर या पठ्ठ्यानं हळद-लिंबू चोळलेलं आणि वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, म्हटलं आता लिहून टाकावंच.

तर झालं असं की विजापूर रोडच्या पुढं आमचा एक छोटा प्लॉट आहे आणि दसऱ्याला भूमिपूजन करायचं ठरलेलं. पावसाळा संपताना सोलापुरात कुठलाही मोकळा प्लॉट बघा, कमरेएवढं गाजर गवत माजलेलं असतं, वर ती पांढरी बारीक फुलं, लांबून बघितलं तर छान दिसतं, कोथिंबिरीच्या वाफ्यावर कुणी साबुदाणा उधळलाय असं. जेसीबीवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी म्हटलं एवढ्याशा जागेला कशाला, आपणच उपटू की. रविवारी सकाळी 9 ला गेलो ते दुपारी 1 पर्यंत उपटत होतो. हाफ शर्ट, डोक्याला टोपी, हातमोजे वगैरे काही नाही आणि ऊन असं की घामाच्या नुसत्या धारा, तो घाम पुसायला तेच हात. मानेवर, कपाळावर, डोळ्यांवर.

संध्याकाळी काही नाही. सोमवारी काही नाही. मंगळवारी सकाळी दाढी करताना मान चुरचुरली, दुपारपर्यंत दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत लाल, बारीक बारीक पुरळ, आणि खाज अशी की ऑफिसात टेबलाच्या कडेला हात घासत बसलो होतो. शेजारचा म्हणतो, "का बे, काय करलालास? म्हशीसारखं काय घासलालास बे?"

आता गंमत अशी की मला गाजर गवताचा संशयच आला नाही. एक तर मधे पूर्ण दिवस गेलेला, आणि दुसरं म्हणजे मी दरवर्षी ते उपटतोय, आधी कधी काहीच झालं नव्हतं. संशय गेला रविवारी रात्रीच्या मटणावर. आई बघताक्षणी म्हणाली, "पित्त उठलंय." लगेच आमसुलं भिजत पडली, ते आंबट पाणी हातभर लावलं, आणि मग तिनं माळ्यावरची घोंगडी काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावून घोंगडी पांघरायची हा आपल्याकडचा जुना इलाज. सोललेल्यासारख्या झालेल्या कातडीवर धनगरी लोकरीची घोंगडी! मी अर्ध्या तासात ती फेकून दिली आणि आई दिवसभर रुसली.

पुढं डॉक्टरांनी समजावलं ते इथंच सांगून टाकतो. पित्ताच्या गांध्या येतात आणि जातात, एका जागची गांधी साधारण 24 तासांत जिरते आणि दुसरीकडं उठते, जिरल्यावर मागं डाग पण राहत नाही. माझं तसं नव्हतं. मंगळवारी जिथं होतं तिथंच बुधवारी होतं, फक्त जास्त. पेनानं कडेनं गोल काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा, एवढी साधी गोष्ट आहे, पण आमच्या घरात तेव्हा पेन कुणाला सुचणार.

बुधवारी सल्ल्यांचा पूर आला. बार्शीच्या आत्यानं फोनवर फोटो बघून "नागीण आहे, दोन्ही तोंडं जुळायच्या आत मंत्र टाकून घे" सांगितलं. (नागीण शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते आणि खाजेपेक्षा आग आणि ठणकाच जास्त असतो, माझे दोन्ही हात सारखेच फुललेले. आणि खरंच नागीण असेल तर मंत्रात दिवस घालवू नका, तिची गोळी पहिल्या 72 तासांत सुरू झाली तर फायदा होतो.) मामा म्हणाले बिब्बा उतल्यासारखं दिसतंय, खोबरं खा. समोरच्या अक्कांनी त्यांच्या दारातल्या कडुलिंबाचा पाला आणून दिला, तेलुगूत आईला काहीतरी सांगितलं आणि आईनं तो उकळून मला त्या कडकडीत पाण्यानं आंघोळ घातली. कडक पाणी अंगावर पडताना जे बरं वाटतं ना, खाज एकदम बंद, डोळे मिटतात अक्षरशः. दहा मिनिटांनी दुप्पट. मग मी स्वतःच्या अकलेनं कपाटातलं जंतुनाशक पाणी न मिसळता कापसानं लावलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, एवढंच सांगतो की मी बाथरूममध्ये नाचलो.

गुरुवारी चौकातल्या मेडिकलमध्ये हात दाखवला. त्यानं वर न बघता एक ट्यूब काढून दिली. "हे लावा, दोन दिवसांत गायब." आणि खरंच गायब झालं! शुक्रवारी लाली कमी, शनिवारी खाज नाही, मी त्या माणसाला मनातल्या मनात डॉक्टर करून टाकलं. रविवारी ट्यूब बंद केली आणि सोमवारी सकाळी उठलो तर डाव्या डोळ्याची पापणी सुजून बंद, मान लालभडक आणि हातावर आता बारीक पाण्याचे फोड. मुलगी मला बघून रडायलाच लागली.

तेव्हा कुठं कातडीच्या डॉक्टरांकडं गेलो. दीड तास बसलो, आत गेलो, डॉक्टरांनी हात धरला आणि पहिलं वाक्य काय तर, "घड्याळ काढा."

काढलं. पट्ट्याखाली बोटभर रुंदीची कातडी स्वच्छ. कोरी. एक पुरळ नाही. मग शर्टाची बाही वर केली, बाहीच्या रेषेच्या वर काही नाही, खाली सगळं लाल, फुटपट्टीनं आखल्यासारखं. मग हनुवटी वर करायला लावली, कानामागं बघितलं, पापण्या बघितल्या, तिथं सगळीकडं होतं. म्हणाले, "नुसत्या उन्हानं असतं तर कानामागं आणि हनुवटीखाली सावलीत वाचलं असतं. हे हवेतून आणि हातानं लागलेलं आहे. शेतात गेला होता का? गाजर गवत?"

आठवडाभर घरातली पाच माणसं आणि फोनवरची आणखी सात पुरळ बघत होतो, पण पुरळ कुठं नाही ते एकानंही बघितलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं की या गवतावरची बारीक लव आणि परागकण यात पार्थेनिन नावाचं एक रसायन असतं, ते कातडीला लागतं, शरीर ते ओळखून ठेवतं आणि कधीतरी एक दिवस त्याच्याशी भांडायचं ठरवतं. म्हणजे दहा वर्षं काही होत नाही आणि अकराव्या वर्षी होतं, आणि एकदा झालं की मग पुढं दर वेळी होणार. पुरळ पण लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं, कधी तीन, त्यामुळं माणूस आदल्या रात्रीच्या जेवणावर खापर फोडतो. मला त्या मटणाची माफी मागावीशी वाटली.

जाता जाता सांगतो, हे गवत आपलं नाहीच. अमेरिका खंडातलं, आपल्याकडं 1955-56 च्या सुमारास पहिल्यांदा पुण्यात दिसलं, परदेशी गव्हाबरोबर बी आलं म्हणतात, आणि जुनी माणसं अजून त्याला काँग्रेस गवत म्हणतात. एका झाडाला हजारोंनी बिया. ते खायला मेक्सिकोतले भुंगेसुद्धा 1984 मध्ये भारतात सोडले होते. आमच्या प्लॉटचा पत्ता त्यांना कुणी दिला नसावा.

आता ट्यूबचं. मी खिशातून काढून दाखवली तर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्यात तीन औषधं एकत्र, एक कडक स्टेरॉइड, एक बुरशीचं, एक जंतूंचं. स्टेरॉइडनं लाली दाबली जाते म्हणून दोन दिवस जादू वाटते, पण कारण तिथंच असतं आणि ट्यूब सोडली की उसळून येतं. मानेच्या आणि पापणीच्या पातळ कातडीवर तर कडक स्टेरॉइड स्वतःच्या मनानं लावायचंच नाही, कातडी पातळ होते. आणि नायटा असेल तर आणखी वाईट, वरून कमी दिसतो आणि आतल्या आत पसरतो, आकार पण बदलतो, मग डॉक्टरलाही लवकर ओळखू येत नाही. त्यांनी मला स्टेरॉइडच दिलं पण, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, फक्त हाताला वेगळं, मानेला सौम्य, किती दिवस ते लिहून, आणि मोजून. मोजायची पद्धत मला फार आवडली, तर्जनीच्या शेंड्यापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूब पिळायची, साधारण अर्धा ग्रॅम, तेवढ्यात हाताच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा भागते. मी आधी अख्खी ट्यूब तीन दिवसांत संपवली होती, पराठ्याला लोणी लावल्यासारखी.

पण मला खरा आराम ज्यानं पडला तो त्या ट्यूबनं नाही. डॉक्टर म्हणाले, "घरी एकच काम करा. सगळं लावणं बंद करा. आणि गार पाण्याची पट्टी ठेवा." मला वाटलं एवढ्यासाठी फी घेतली का काय.

घरी येऊन पहिल्यांदा नवीन टॉवेल ओला करून ठेवला. सोलापुरी टॉवेल म्हणजे आमचा अभिमान वगैरे सगळं ठीक आहे, पण नव्या टॉवेलचे ते दोऱ्याचे फासे फुललेल्या कातडीवर काटे वाटतात. आईनं (रुसवा संपला होता, पापणी बघून) तिच्या ट्रंकेतलं जुनं नऊवारी लुगडं काढलं, वीस-बावीस वर्षं धुऊन धुऊन इतकं विरलेलं की उजेडाला धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती. त्याचे हातभर तुकडे केले. माठातल्या पाण्यात बुडवून हलकं पिळायचं, पाणी टपकायला नको पण ओलं राहायला हवं, आणि घडी न करता एकच पदर हातावर पसरायचा. पहिला अर्धा मिनिट काही वाटत नाही. मग पंख्याचं वारं त्या ओल्या कापडावरून जायला लागतं आणि ते असं गार होत जातं, माठ गार होतो ना अगदी तसंच, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. खाज मुंगी मुंगीनं उतरते. 10-15 मिनिटं ठेवायचं, मधे वाळलं तर परत भिजवायचं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट लावायचा नाही, मी विचारलं होतं, कातडी भाजल्यासारखी होते त्यानं.

आणि पट्टी काढली की कातडी ओलसर असतानाच वरून साधं, वास नसलेलं व्हॅसलिन किंवा मॉइश्चरायझर. हे मी पहिल्या दिवशी केलं नाही, नुसतीच पट्टी ठेवली, तर कातडी वाळून तडतडायला लागली. फोडातून पाणी येत होतं तिथं मात्र सुरुवातीला नुसती पट्टीच, व्हॅसलिन नंतर. कॅलामाइन, ते गुलाबी, तेही चालतं, बाटली नीट हलवून, पण ते कोरडं करतं, म्हणून ओलसर पुरळ असेपर्यंत ठीक, कातडी वाळून खपल्या धरायला लागल्या की बंद केलेलं बरं.

आंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटं, आणि पुरळावर साबण नाही. आपली कातडी थोडी आम्लधर्मी असते, पीएच साडेपाचच्या आसपास, आणि नेहमीचा साबण 9-10 चा, म्हणजे आधीच फाटलेल्या कापडाला ब्रशनं घासण्यासारखं. त्यात सोलापूरचं पाणी. तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, मधल्या दिवसांत बोअर, आणि आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की साबणाचा फेस येत नाही, आणि जो लागतो तो निघत नाही. मग आम्ही नळाचं पाणी माझ्या आंघोळीला राखून ठेवलं. घरात एवढा मान मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाला.

बायकोनं कुठंतरी ओट्सचं वाचलं. साधे ओट्स मिक्सरमध्ये मैद्यासारखे बारीक करून कोमट पाण्यात, नीट बारीक झालेत का बघायला चमचाभर पेल्यात टाकायचे, पाणी दुधासारखं झालं तर बरोबर, तळाशी बसलं तर अजून फिरवायचं. डॉक्टरांना विचारून केलं, बरं वाटलं. आई म्हणाली ज्वारीचं पीठ घरात मणभर पडलंय ते का नको. तो प्रयोग झाला नाही.

रात्र मात्र वाईट. दिवसा कामात विसरतो माणूस, रात्री दोनला खाज आणि तुम्ही, दोघंच. खाजवण्यात जे सुख आहे त्याला तोड नाही हे मी मान्य करतो, पण जितकं खाजवाल तितकी कातडी सुजते आणि जितकी सुजते तितकी खाजते, ते चक्र झोपेत आपल्या हातात नसतं. नखं मुळापासून कापली. हात आपोआप गेलाच तर नखानं न ओरबाडता तळव्यानं दाबून धरायचं. लुगड्याचा एक ओला तुकडा उशाशी स्टीलच्या डब्यात. डॉक्टरांनी रात्री एक गोळी दिलेली, स्पष्ट सांगितलं की या प्रकारच्या खाजेवर ती फार काम करत नाही, पण झोप आणते आणि झोपला की ओरबाडणार नाही. सकाळीसुद्धा गुंगी राहते, दोन दिवस बायकोनं गाडीवर मागं बसवून ऑफिसला सोडलं.

एवढं सगळं करून तिसऱ्या दिवशी हात शांत आणि कपाळावर मात्र नवीन ओळ. डोकं चालेना. मुलीनं शोधलं, टोपी! गवत उपटलं त्या रविवारची तीच टोपी मी गाडीवर रोज घालत होतो. टोपी, तो शर्ट, गाडीला अडकवलेला रुमाल, सगळं वेगळं धुतलं, दोनदा खळबळलं. दोरीवर कपडे वाळत घालायचे तेही गच्चीवर बंद केले, कारण गच्चीच्या मागं दुसऱ्या कुणाचा तरी मोकळा प्लॉट आणि त्यात काय असणार ते कळलंच असेल.

आणि मग दसरा. हात जवळजवळ बरे झालेले, खपल्या धरलेल्या, भूमिपूजनाच्या आदल्या रात्री मी हौसेनं झेंडू आणि शेवंतीची तोरणं ओवायला बसलो. दोन दिवसांनी बोटांच्या बेचक्यात परत सुरू. डॉक्टरांना फोन केला तर ते हसायलाच लागले, शेवंती, झेंडू, सूर्यफूल ही सगळी गाजर गवताच्याच कुळातली, ज्याला त्याची अ‍ॅलर्जी त्याला यांचाही त्रास होऊ शकतो. आत्या म्हणाली देवीचा कोप.

घाबरायचं कधी ते त्यांनी पहिल्याच दिवशी चिठ्ठीच्या मागं लिहून दिलेलं, ती चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला तर घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना. ताप, पू, ठणका, लाली भराभर पसरणं, डोळ्यात दुखणं, तर त्याच दिवशी यायचं. आणि एखादं नवीन औषध सुरू केल्यावर अंगावर पुरळ येऊन तोंडात फोड आले तर ते औषध बंद करून तडक निघायचं, पट्टी-बिट्टी काही करत बसायचं नाही. आईला शुगर आहे, तिच्यासाठी वेगळं सांगितलं, तिला असं काही झालं तर दोन दिवस पण थांबू नका.

त्या वर्षी कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचं राहिलं. आमचा कट्ट्यावरचा ग्रुप दरवर्षी जातो, रात्रभर चालत, 45 किलोमीटर, रस्ता माणसांनी भरलेला. डॉक्टरच नको म्हणाले, घाम आणि दुतर्फा गवत.

यंदा गेलो. फुल बाह्यांचा शर्ट, वरची गुंडी लावलेली, पूर्ण पँट, मोजे, गळ्याला रुमाल. रूपाभवानीच्या देवळापाशी सगळे जमलो तेव्हा हाफ चड्डीतल्या एकानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "का बे, देवीला चाललास का मुलगी बघायला?" खिशात स्टीलचा छोटा डबा होता, चालताना लुगड्याच्या ओल्या तुकड्यावर झाकण खडखड वाजत होतं, आत काय आहे ते मी कुणाला सांगितलं नाही.